न भरणारी जखम आणि कापलेल्या पायातली कळ: प्लास्टिक सर्जनकडे जाणाऱ्यांसाठी

हात किंवा पाय कापल्यानंतर माणसाला दोन अगदी वेगळे त्रास होऊ शकतात. दोन्हींना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "थोडा वेळ लागेल." पहिला त्रास डोळ्यांना दिसतो. टाके उघडतात, जखम चिघळते, आतलं हाड दिसायला लागतं. दुसरा कुणालाच दिसत नाही. उरलेल्या भागाला चादर घासली तरी झटका बसतो, किंवा नसलेल्या पावलाची बोटं कुणीतरी पिळतंय असं वाटतं. माझा पाय अपघातानंतर गुडघ्याखाली कापावा लागला आणि मी या दोन्हींतून गेले. जखमेसाठी फ्लॅप झाला, म्हणजे शरीराचा निरोगी भाग त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून जखम झाकली, नंतर मज्जातंतूंची शस्त्रक्रिया झाली. आता मी कृत्रिम पाय घालून दिवसभर कामावर उभी असते.

या लेखात माझा आग्रह एकच आहे. जखम आणि मज्जातंतू या दोन्हींचा विचार एकत्र करून घ्या, आणि लवकर करून घ्या. ड्रेसिंग एका खोलीत, वेदनेच्या गोळ्या दुसरीकडे आणि कृत्रिम पायाचं माप तिसरीकडे, अशी कामं वाटलेली असतात. पुनर्रचनेचं काम करणारे प्लास्टिक सर्जन जखमही झाकतात आणि बरेच जण मज्जातंतूही हाताळतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर अनेकदा रुग्णालाच तोंड उघडावं लागतं. पुढचं सगळं त्या संभाषणाची तयारी म्हणून वाचा. औषधं सुरू किंवा बंद करण्याचे निर्णय मात्र डॉक्टरांशिवाय घेऊ नका.

१. जखम साधी राहिलेली नाही हे वेळेत ओळखा

नियमित ड्रेसिंग होत असूनही महिनाभरात जखम लहान होत नसेल, तर तेच ड्रेसिंग आणखी महिनाभर करत राहण्यात अर्थ नाही. प्लास्टिक सर्जनचं मत मागा. जखमेत हाड, शिरा किंवा आत बसवलेली प्लेट-स्क्रू दिसत असतील तर महिनाभरही थांबू नका. उघडं हाड सुकतं, त्यात जंतू शिरतात आणि झाकणं दिवसागणिक अवघड होतं. पूर्वी रेडिएशन दिलेल्या जागेवरची जखम, मधुमेही पायाची जखम, बसून-झोपून पडलेली खोल जखम आणि कापलेल्या भागाच्या टोकावर पुन्हा पुन्हा उघडणारी जखम याच गटात येतात.

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेबद्दल वेगळं सांगते. अशा जखमेच्या कडा उंचावल्या, फुलकोबीसारखं मांस वाढलं किंवा रक्त येऊ लागलं तर बायोप्सीबद्दल, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासण्याबद्दल, विचारा. जुन्या व्रणात क्वचित त्वचेचा कर्करोग होतो, आणि तो तपासल्याशिवाय कळत नाही.

त्याच दिवशी रुग्णालय गाठायची लक्षणं: झपाट्याने पसरणारी लाली, थंडी वाजून ताप, काळी पडणारी कातडी, दाबल्यावर कुरकुरणारी सूज, किंवा जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त असह्य दुखणं.

२. फाइल तयार ठेवा

पहिल्या भेटीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. त्यांना पाने चाळत बसावं लागलं तर तुमचे प्रश्न राहून जातात. एका फाइलमध्ये हे क्रमाने लावा:

- शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. कोणता मज्जातंतू कुठे कापला, कोणती रक्तवाहिनी बांधली हे मूळ नोंदीत असतं, आणि पुढच्या सर्जनला नेमकं तेच हवं असतं.
- एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्या मूळ प्रतिमा. नुसता छापील अहवाल चालत नाही.
- जखमेतल्या किंवा हाडातल्या जंतूंचे कल्चर अहवाल (जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी), कोणतं प्रतिजैविक किती दिवस घेतलं त्यासह.
- अलीकडच्या रक्त तपासण्या: हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी, किडनीची तपासणी, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन.
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी औषधं आणि स्टिरॉइड आवर्जून लिहा.
- जखमेचे तारखेसह फोटो, दर आठवड्याला एक. शेजारी मोजपट्टी ठेवा, उजेड आणि अंतर सारखं ठेवा. जखम कमी होते आहे की नाही, हा वाद या फोटोंनी मिटतो.
- वेदनेची वही. तिच्याबद्दल सहाव्या पायरीत लिहिलं आहे.

फाइल देताना मूळ प्रती हातातून सोडू नका. मला पुन्हा मागून घेताना फार त्रास झाला.

३. झाकण्याआधी "का भरत नाही?" हे विचारा

चांगला सर्जन पहिल्याच भेटीत फ्लॅपची तारीख देत नाही. तो आधी चार गोष्टी शोधतो: रक्त पोचतंय का, जंतू आहेत का, शरीरात भरण्याची ताकद आहे का, आणि जखमेवर सतत दाब पडतोय का. यातली एक जरी बिघडलेली असेल तरी वरून लावलेलं झाकण टिकत नाही.

रक्तपुरवठ्यासाठी डॉपलर (रक्ताचा प्रवाह ध्वनिलहरींनी टिपणारं यंत्र), घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना, किंवा सीटी अँजिओग्राफी करतात. रक्तवाहिनी बंद असेल तर आधी ती उघडावी लागते. हाडात जंतू असल्याचा संशय असेल तर जखमेवरून फिरवलेल्या बोळ्यापेक्षा हाडाच्या तुकड्याचं कल्चर जास्त भरवशाचं. हाडाच्या संसर्गाचा औषधोपचार आठवडे चालतो, बहुधा सहा आठवडे, म्हणून मधेच बरं वाटलं की गोळ्या थांबवण्याचा मोह आवरा.

ताकद हा भाग तुमच्या हातात आहे, आणि त्याच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. मोठी जखम शरीरातली प्रथिनं खाते. भरण्याच्या काळात दर किलो वजनामागे रोज साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

तंबाखू, सिगारेट, मिश्री, निकोटिनचं च्युइंगम, सगळं बंद. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि फ्लॅप जगतो तो त्याच रक्तवाहिन्यांवर. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत. बरेच सर्जन या अटीवर अडून बसतात. ते तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीत, तुमचा फ्लॅप वाचवत असतात.

४. जखम झाकण्याचे पर्याय समजून घ्या

कोणत्याही पर्यायाआधी जखम साफ करावी लागते. मेलेला भाग काढून रक्त येणाऱ्या निरोगी थरापर्यंत जातात. हे एकदाच होईल असं धरून चालू नका. दोन-तीन वेळा भूल देऊन सफाई करणं सर्रास घडतं, आणि तो उपचार फसल्याचा पुरावा नाही.

मधल्या काळात अनेकदा व्हॅक लावतात. जखमेत स्पंज, वर हवाबंद फिल्म आणि नळीतून ओढणारं यंत्र. नेहमीचा दाब उणे १२५ मिलिमीटर पारा असतो आणि स्पंज साधारण दोन ते तीन दिवसांनी बदलतात. स्पंज बदलताना दुखतं, म्हणून वेदनाशामक त्याआधी अर्धा-पाऊण तास मागून घ्या. यंत्र बंद पडून दोन तासांहून जास्त वेळ गेला तर तो स्पंज तसाच जखमेत ठेवायचा नसतो, लगेच कळवा. नळीत लालभडक रक्त वेगाने येऊ लागलं तर यंत्र बंद करा, जखम दाबून धरा आणि मदत बोलवा. हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. व्हॅकमुळे जखमेची जमीन तयार होते. उघड्या हाडावर कायमचं आवरण मात्र त्याने मिळत नाही.

मग पर्याय येतात.

*कातडी लावणं, म्हणजे स्किन ग्राफ्ट.* बहुधा मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून जखमेवर लावतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस ती खालच्या ओलाव्यावर तगते आणि मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्याशी जुळतात. म्हणून खाली जिवंत मांस लागतं. उघड्या, कोरड्या हाडावर ती धरत नाही. साधारण पाच दिवस पट्टी अजिबात हलवायची नसते. मांडीवरची जागा मूळ जखमेपेक्षा जास्त चुरचुरते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती दोन-तीन आठवड्यांत भरते. कापलेल्या पायाच्या वजन घेणाऱ्या जागेवर नुसतं ग्राफ्ट असेल तर कृत्रिम पायात ते घासून उघडू शकतं. हा प्रश्न आधी विचारा.

*जवळचा फ्लॅप.* शेजारची कातडी, चरबी किंवा स्नायू स्वतःच्या रक्तवाहिनीसकट फिरवून जखमेवर आणतात.

*दुरून आणलेला फ्लॅप, म्हणजे फ्री फ्लॅप.* मांडी, पाठ किंवा इतर ठिकाणचा भाग त्याच्या धमनी-शिरेसकट पूर्ण सोडवून जखमेपाशी आणतात आणि मायक्रोस्कोपखाली तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. या वाहिन्या काही मिलिमीटरच्याच असतात आणि टाक्याचा धागा केसाहून बारीक. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल तर पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, याच पद्धतीने नेता येतं.

सोपा पर्याय सोडून सर्जन मोठा पर्याय का सुचवतोय हे विचारायला संकोचू नका. माझ्या बाबतीत उत्तर पटण्यासारखं होतं: गुडघ्याचा सांधा वाचवायचा तर हाड आणखी कापण्याऐवजी त्यावर जाड आवरण आणायला हवं. गुडघा वाचला की कृत्रिम पायाने चालताना खूप कमी शक्ती लागते. ती लांबी वाचवण्यासाठी मोठी शस्त्रक्रिया सोसणं मला योग्य वाटलं. कुणाला वय, हृदय किंवा घरची परिस्थिती पाहून थोडं वर कापून लवकर चालतं होणं योग्य वाटेल. दोन्ही निर्णय सन्मानाचे आहेत.

५. फ्लॅपनंतरचे पहिले तीन दिवस

फ्री फ्लॅपच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत परिचारिका तासातासाला रंग, ऊब आणि डॉपलरचा आवाज तपासतात. झोप मोडते, तरी त्यांना थांबवू नका. फ्लॅप फिकट आणि गार पडला तर रक्त आत येत नाहीये. निळा-जांभळा पडून टरटरून फुगला तर रक्त बाहेर जात नाहीये. दोन्हींत उत्तर एकच, ताबडतोब पुन्हा शस्त्रक्रियागृह. लवकर लक्षात आलं तर फ्लॅप बऱ्याचदा वाचतो. सोबतच्या माणसाने रात्री रंग बदललेला पाहिला तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये.

पाय खाली सोडणं पहिल्याच दिवशी नसतं. आधी दिवसातून काही वेळा पाचेक मिनिटं, मग हळूहळू वाढवत नेतात. प्रत्येक ठिकाणचं वेळापत्रक वेगळं, म्हणून शेजारच्या रुग्णाचं पाहून पाय सोडू नका.

गुडघ्याखाली कापलेल्या पायाखाली उशी ठेवून झोपायला फार बरं वाटतं. ती सवय लागू देऊ नका. गुडघा वाकलेला आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवणं कठीण होतं. सूज उतरवण्यासाठी पाय वर घ्यायचा असेल तर गुडघा सरळ कसा ठेवायचा ते फिजिओथेरपिस्टकडून शिका.

६. दुखणं नेमकं कुठलं ते वेगळं करा

मला ही पायरी सर्वात महत्त्वाची वाटते, कारण इथेच लोक वर्षंच्या वर्षं घालवतात.

नसलेला पाय "आहे" असं जाणवणं, तो हलतोय किंवा खाजतोय असं वाटणं, हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि त्यात वेदना असेलच असं नाही. नसलेल्या भागात जळणं, पिळवटणं, वीज चमकणं याला फँटम वेदना म्हणतात. हे नाव अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस विअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्ये रूढ केलं. इतकी जुनी नोंद असूनही रुग्णाला "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवणारे आजही भेटतात. ही वेदना खरी आहे. तिच्यामागे मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू यांत झालेले बदल आहेत.

तिसरं दुखणं उरलेल्या भागातच असतं, आणि त्याचं एक मोठं कारण न्यूरोमा. कापलेला मज्जातंतू गप्प बसत नाही. त्याचे धागे दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढत जुनी जागा शोधतात. जागा नसते, म्हणून टोकाशी केसांच्या गुंतवळासारखी गाठ होते. त्या ठरावीक बिंदूवर टिचकी मारली की झटका बसतो, कधी थेट नसलेल्या बोटापर्यंत जातो. प्रत्येक न्यूरोमा दुखत नाही, पण दुखतो तो नसलेल्या पायातली वेदनाही भडकवू शकतो.

वेदनेच्या वहीत रोज चार ओळी पुरेत: कुठे दुखलं, कसं दुखलं (जळणं, टोचणं, पिळणं, झटका), कशाने वाढलं, ० ते १० पैकी किती. उरलेल्या भागाचं साधं चित्र काढून झटक्याचा बिंदू फुलीने दाखवा. माझ्या सर्जननी सगळ्यात आधी ते चित्रच पाहिलं.

तपासणीत ते टिचकी मारून पाहतात, सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगतात, आणि संशयित मज्जातंतूभोवती सुन्न करणारं इंजेक्शन देतात. इंजेक्शननंतर काही तास दुखणं बरंच ओसरलं तर मूळ तिथे असण्याची शक्यता वाढते. त्या काही तासांत काय काय बदललं ते लगेच लिहून ठेवा.

शस्त्रक्रियेकडे जाण्याआधी बाकीची कारणं वगळायला सांगा: न बसणारं सॉकेट (कृत्रिम पायाचा, उरलेला भाग ज्यात बसतो तो साचा), हाडाचं टोकदार वाढलेलं टोक, आत दडलेला संसर्ग, कमी रक्तपुरवठा, कमरेतून येणारी सायटिका. सॉकेट बदलून थांबणारं दुखणं चाकूने थांबवायला जाऊ नये.

७. आधी सौम्य उपाय, आणि ते खरोखर करून पाहा

गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही मज्जातंतूंच्या वेदनेची नेहमीची औषधं. ती साध्या वेदनाशामकासारखी लगेच लागू पडत नाहीत. डोस हळूहळू वाढवतात आणि परिणाम दिसायला आठवडे लागू शकतात. झापड येते, म्हणून सुरुवातीला गाडी चालवू नका आणि कुबड्यांवर जपून चाला. अचानक बंद तर कधीच करू नका.

आरशाचा व्यायाम १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणला. चांगला पाय आरशासमोर हलवायचा आणि प्रतिबिंबाच्या जागी नसलेला पाय पाहायचा. सगळ्यांना उपयोग होत नाही, पण धोका कमी आहे आणि रोज १५-२० मिनिटं काही आठवडे केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पहिल्या वेळी रडू येऊ शकतं, सोबत कुणी असू द्या. जखम भरल्यावर मऊ कापडापासून खरखरीत टॉवेलपर्यंत हलके घासत जाण्याचा व्यायामही स्पर्शाची चीड कमी करतो.

८. मज्जातंतूंची शस्त्रक्रिया

न्यूरोमा नुसता कापून टाकला तर मज्जातंतू पुन्हा वाढतो आणि पुन्हा गाठ होऊ शकते. टोक स्नायूत किंवा हाडात पुरण्याची पद्धत जुनी आहे आणि काहींना तिने आराम पडतो. नव्या दोन पद्धतींचा विचार वेगळा आहे: वाढणाऱ्या धाग्यांना जायला जागा द्यायची.

पहिली टीएमआर, म्हणजे टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन. कापलेल्या मज्जातंतूचं टोक जवळच्या स्नायूला जाणाऱ्या छोट्या मज्जातंतूशी जोडतात, म्हणजे धागे त्या स्नायूत शिरतात. शिकागोमध्ये टॉड क्विकेन आणि ग्रेगरी डुमॅनियन यांनी ही पद्धत यांत्रिक हात विचाराने हलवता यावा म्हणून विकसित केली. वेदना कमी होते हे नंतर लक्षात आलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २८ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत टोक स्नायूत पुरण्याच्या पद्धतीपेक्षा टीएमआरनंतर फँटम वेदनेत जास्त सुधारणा दिसली. रुग्णसंख्या लहान आहे, हे लक्षात ठेवून आशा बाळगा.

दुसरी आरपीएनआय, म्हणजे रीजनरेटिव्ह पेरिफेरल नर्व्ह इंटरफेस. मिशिगनमध्ये पॉल सेडेर्ना यांच्या गटाने पुढे आणलेल्या या पद्धतीत स्नायूचा छोटा तुकडा मज्जातंतूच्या टोकाभोवती गुंडाळतात. तो तुकडा आसपासच्या भागातून रक्त मिळवतो आणि मज्जातंतूचे धागे त्यात रुजतात. कुठली पद्धत हे मज्जातंतूची जाडी, जागा आणि सर्जनचा अनुभव यावर ठरतं. काही जण दोन्ही एकत्र वापरतात.

सर्जनला हे विचारा: अशा शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता का? माझे कोणते मज्जातंतू हाताळणार? ज्या स्नायूला जोडणार त्याचं काम कमी होईल का? फ्लॅप आणि मज्जातंतू एकाच वेळी करता येतील का, की जंतुसंसर्ग संपेपर्यंत थांबायचं? उपयोग झाला नाही तर पुढची योजना काय?

ज्यांचा अवयव अजून कापायचा आहे, त्यांच्यासाठी हे वाक्य ठळक करते: नियोजित शस्त्रक्रिया असेल तर "मज्जातंतूंचं काय करणार?" हे आधीच विचारा. टीएमआर किंवा आरपीएनआय त्याच वेळी करता येते, आणि तसं केलेल्यांना पुढे वेदना कमी राहिल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. जीव वाचवण्याच्या घाईत हा प्रश्न मागे पडतो ते समजू शकतं. पण वेळ असेल तिथे तो विचारलाच पाहिजे.

आणि इथला सापळा: शस्त्रक्रियेनंतर लगेच आराम मिळेल अशी अपेक्षा. पहिल्या काही आठवड्यांत फँटम वेदना वाढूही शकते, कारण मज्जातंतू नव्याने कापलेला असतो. धागे स्नायूत रुजायला तीन ते सहा महिने लागतात. या काळात औषधं चालू ठेवतात आणि नंतर टप्प्याटप्प्याने कमी करतात. पूर्ण शून्यावर येणारे असतात, निम्म्यावर येऊन झोप परत मिळवणारेही असतात. माझी कळ पूर्ण गेलेली नाही. ती आता मला रात्री उठवत नाही.

९. पुन्हा कृत्रिम पायाकडे

फ्लॅप किंवा मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे जुनं सॉकेट बहुधा बसत नाही. नवं माप घेण्याची घाई करू नका. सूज उतरावी लागते, त्यासाठी दाब देणारा मोजा घालतात. सर्जन आणि कृत्रिम पाय बनवणारे यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा, निदान एकाचं लेखी मत दुसऱ्याच्या हातात द्या. फ्लॅप कुठे आहे, हाताळलेला मज्जातंतू कुठे आहे, कुठे दाब नको, हे चित्रावर खुणा करून घ्या.

फ्लॅपच्या कातडीला सुरुवातीला स्पर्श कळत नाही किंवा कमी कळतो. घासलं, भाजलं तरी समजत नाही. रोज संध्याकाळी आरसा घेऊन खालची बाजू पाहा. सॉकेट काढल्यानंतर उमटलेली लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, किंवा फोड आला, तर त्या दिवसापुरता पाय बाजूला ठेवा आणि सॉकेट दुरुस्त करून घ्या. फ्लॅप फार जाड वाटत असेल तर काही महिन्यांनी तो पातळ करण्याची छोटी शस्त्रक्रिया होऊ शकते, त्याबद्दल पुढच्या तपासणीत विचारा.